वाकड्या कण्यासाठी पिलाटीस: सराव कसा करावा

स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकडा होणे, असलेल्या व्यक्तीने पिलाटीस, म्हणजे श्वास आणि सावकाश हालचालींवर भर देणारी व्यायामपद्धती, सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे जाणून घ्यावी, ती म्हणजे या व्यायामाने कण्याचा बाक सरळ होत नाही. हाडांची रचना बदलण्याची ताकद कोणत्याही चटईवरच्या व्यायामात नाही. पिलाटीसमुळे बाकाभोवतीचे स्नायू अधिक वेळ काम करू लागतात, आखडलेल्या बाजूच्या बरगड्यांत पुन्हा श्वास भरू लागतो, बसता-उठताना शरीर कुठल्या बाजूला कलते याचे भान येते आणि अनेकांची पाठदुखी कमी होते. एवढा लाभही मोठा आहे. मात्र तो मिळवण्यासाठी सर्वसाधारण वर्गात शिकवला जाणारा क्रम जसाच्या तसा करून चालत नाही. वाकड्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या गरजा सारख्या नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखाच व्यायाम देण्याची सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

स्कोलिओसिसमध्ये कणा एका बाजूला झुकतो तसाच स्वतःभोवती पिळलाही जातो. पाठीत एका बाजूच्या बरगड्या मागे उचललेल्या दिसतात त्या या पिळामुळेच. बाकाचे मोजमाप उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर, सर्वांत जास्त कललेल्या वरच्या व खालच्या मणक्यांमधल्या कोनावरून करतात. त्याला कॉब कोन म्हणतात आणि तो 10 अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच स्कोलिओसिस असे निदान होते. या मोजणीत सुमारे 5 अंशांचा फरक निव्वळ मोजण्यातून पडू शकतो, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे ‘दोन महिन्यांच्या व्यायामाने बाक तीन अंशांनी कमी झाला’ अशी जाहिरात कुणी करत असेल, तर ती ऐकून हुरळून जाऊ नये. त्याचप्रमाणे कोन तीन अंशांनी वाढलेला दिसला म्हणून लगेच खचूनही जाऊ नये.

बहुतेक रुग्णांत स्कोलिओसिसचे निश्चित कारण सापडत नाही. हा प्रकार प्रामुख्याने वाढीच्या वयात दिसतो आणि उंची झपाट्याने वाढते त्याच काळात बाकही झपाट्याने वाढण्याचा धोका असतो. मोठा बाक होण्याचे प्रमाण मुलींमध्ये अधिक आहे. वाढ अजून शिल्लक आहे आणि कोन साधारण 25 ते 40 अंशांच्या दरम्यान आहे, अशा मुलांना डॉक्टर बहुधा ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचा कडक पट्टा, सुचवतात. अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला; केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते. ब्रेस दिवसातून जितके जास्त तास वापरला, तितका परिणाम चांगला दिसला. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला ब्रेस सांगितला असताना त्याऐवजी पिलाटीस लावणे हा निर्णय कोणत्याही पालकाने घेऊ नये. ब्रेसच्या जोडीला व्यायाम अवश्य करावा, पण एकाची जागा दुसऱ्याला देऊ नये. प्रौढांची स्थिती वेगळी असते. वाढ थांबल्यावर 30 अंशांपेक्षा कमी असलेला बाक सहसा पुढे सरकत नाही. 50 अंशांच्या पुढचा बाक मात्र वयाबरोबर हळूहळू वाढू शकतो आणि त्यावर अस्थिरोगतज्ज्ञाची नजर असणे आवश्यक असते.

सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जावे, हे वाक्य सगळीकडे छापलेले असते म्हणून आपण ते वाचून पुढे जातो. इथे तसे करू नये. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे, थोड्याच महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतका वाढलेला बाक, किंवा किशोरवयात छातीच्या भागात डावीकडे फुगलेला बाक, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी आणि मगच व्यायाम, हा क्रम मोडू नये. यातली पहिली काही लक्षणे मज्जातंतूंवरील दाबाकडे बोट दाखवू शकतात आणि डावीकडचा बाक तुलनेने दुर्मीळ असल्याने त्यामागे दुसरे कारण नाही ना, हे डॉक्टर एमआरआय करून पाहतात.

आपला बाक वाचायला शिकणे

व्यायामाची निवड बाकाच्या आकारावर ठरते, म्हणून पहिले काम अहवाल नीट वाचण्याचे आहे. अहवालात बाकाची दिशा लिहिलेली असते ती फुगीर बाजूची असते. ‘उजवा छातीचा बाक’ याचा अर्थ छातीच्या भागात कणा उजवीकडे फुगला आहे आणि डावी बाजू आत गेली आहे, म्हणजे खोलगट झाली आहे. किशोरवयातल्या स्कोलिओसिसमध्ये हा प्रकार सर्वाधिक आढळतो. पुष्कळ जणांच्या कमरेत त्याच्या उलट दिशेचा दुसरा बाक असतो आणि मागून पाहिले असता कणा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. एकेरी आणि दुहेरी बाकातला हा फरक पुढे प्रत्येक व्यायामात उपयोगी पडेल.

त्यानंतर घरातल्या कुणाला तरी पाठीचे छायाचित्र काढायला सांगावे. पाय जोडून, हात सैल सोडून, नेहमी उभे राहतो तसेच उभे राहावे; सरळ दिसण्याचा प्रयत्न करू नये. छायाचित्रात कोणता खांदा वर आहे, कोणत्या बाजूला कमरेची घडी खोल आहे, हात आणि कंबर यांमधली मोकळी जागा कुठे जास्त आहे हे पाहावे. मग तळहात एकमेकांना जुळवून, गुडघे सरळ ठेवून सावकाश पुढे वाकावे आणि मागून दुसरे छायाचित्र घ्यावे. ज्या बाजूची पाठ वर उचललेली दिसेल ती बहुधा फुगीर बाजू. ही पुढे वाकण्याची चाचणी डॉक्टरही करतात आणि तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव आहे.

एवढी माहिती एका कागदावर साध्या रेषाचित्राच्या रूपात काढून ठेवावी: बाक कुठे फुगतो, कुठे खोल जातो, बरगड्या कुठे मागे आल्या आहेत. प्रशिक्षकाला पहिल्या दिवशी हा कागद आणि अहवाल दाखवावा. जो प्रशिक्षक ते पाहण्यात रस घेत नाही, किंवा पाहताच ‘सहा महिन्यांत सरळ करून देतो’ असे म्हणतो, त्याच्याकडे शिकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य असेल तर सुरुवातीचे काही दिवस स्कोलिओसिसचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे एकट्याने शिकावे; तीस जणांच्या वर्गात कुणाच्याही बरगड्यांकडे लक्ष देणे शक्य नसते.

श्वास

जोसेफ पिलाटीस यांचा जन्म 1883 मध्ये जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आपल्या पद्धतीला आकार दिला आणि 1926 च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. श्वास पूर्ण बाहेर टाकण्यावर त्यांचा विशेष भर असे. स्कोलिओसिससाठी श्वासाचा आणखी नेमका उपयोग त्यांच्याच देशातल्या काथारिना श्रोथ यांनी करून दाखवला. त्यांना स्वतःला बाक होता आणि 1921 पासून त्या अशा रुग्णांना शिकवू लागल्या. आत गेलेल्या बाजूत मुद्दाम श्वास भरायचा, ही त्यांच्या पद्धतीतली कल्पना आज अनेक पिलाटीस प्रशिक्षकही वापरतात. माझ्या मते संपूर्ण सरावातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच भाग लोक घाईने उरकतात.

पाठीवर झोपावे, गुडघे वाकवावेत, पावले कमरेइतक्या अंतरावर टेकवावीत. खोलगट बाजूच्या बरगड्यांवर, काखेच्या चार-पाच बोटे खाली, विरुद्ध हाताचा तळवा ठेवावा. नाकाने श्वास घेताना पोट वर उचलू न देता तो तळव्याखाली जाऊ द्यावा. सुरुवातीला तिथे काहीच हलत नाही असे वाटते. फुगीर बाजू लगेच फुलते आणि हाताखालची बाजू जागची हलत नाही. अशा वेळी जोर लावून मोठा श्वास घेण्याचा मोह होतो, पण त्याने खांदे कानाकडे चढतात आणि मान आखडते. त्याऐवजी श्वास लहान ठेवावा, तळव्याने बरगड्यांना किंचित आत दाबावे आणि श्वास घेता घेता तो दाब हळूहळू सोडावा. काही दिवसांत बोटांखालच्या बरगड्यांमधली फट रुंदावल्याची पुसटशी जाणीव होते. त्यानंतर तोंडाने सावकाश श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे, पण मघाशी उघडलेली बाजू मिटू देऊ नये. आठ-दहा श्वास पुरेसे आहेत. चक्कर आली किंवा डोके हलके वाटले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

पिळ जास्त असल्यास पाठीवर झोपल्यावर एका बाजूच्या बरगड्या जमिनीला रुततात आणि दुसरी बाजू अधांतरी राहते. अशा वेळी पातळ घडी केलेल्या टॉवेलचा आधार देतात. तो नेमका कुठे आणि किती जाडीचा ठेवायचा हे मात्र बाक पाहून फिजिओथेरपिस्टने ठरवावे, कारण चुकीच्या जागी ठेवलेला टॉवेल पिळ वाढवण्याच्याच दिशेने ढकलू शकतो.

चटईवरचा सराव

श्वासानंतर त्याच स्थितीत श्रोणीची, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या पट्ट्याची हालचाल करावी. कंबर जमिनीकडे हलकेच दाबावी, मग किंचित उचलावी आणि या दोन टोकांच्या मधली, कमरेखाली थोडीशी पोकळी उरेल अशी जागा शोधावी. पुढचे सारे व्यायाम याच जागेवरून करायचे आहेत. पोटाच्या दोन बाजूंना पुढे आलेली हाडे एकाच पातळीवर आहेत का, हे बोटांनी चाचपून पाहावे. कमरेत बाक असणाऱ्यांची एक बाजू सहसा वर ओढलेली असते. तिला टाचेच्या दिशेने लांबवावे.

तिथून एक पाय गुडघ्यात वाकलेलाच ठेवून वर उचलावा, मांडी उभी करावी आणि पुन्हा खाली टेकवावा. मग दुसरा. व्यायाम सोपा दिसतो, पण पाय उचलताना कंबर त्या बाजूला कलंडते का, हे दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून पाहिले की त्याची खरी परीक्षा कळते. कलंडत असेल तर पाय कमी उचलावा. डोके आणि खांदे उचलून करायचे पोटाचे व्यायाम, उदाहरणार्थ ‘हंड्रेड’, सुरुवातीला डोके टेकवूनच करावेत.

पूल, म्हणजे गुडघे वाकवून झोपलेल्या स्थितीत कंबर उचलणे, हा पाठीच्या आणि नितंबांच्या स्नायूंसाठी उत्तम व्यायाम आहे. पिलाटीसमध्ये तो एकेक मणका सुटा करत उचलायला शिकवतात. वाकड्या कण्यात मणके सरळ रेषेत सुटत नाहीत, ते पिळाच्या वाटेने फिरत वर येतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे धड एका फळीसारखे अखंड उचलावे आणि तसेच उतरवावे. वर गेल्यावर तीन श्वास थांबावे आणि वजन दोन्ही पावलांवर सारखे आहे का ते पाहावे.

हातापायांवर ओणवे राहून विरुद्ध हात आणि पाय लांबवण्याचा व्यायाम पाठीच्या आधारासाठी फार उपयोगाचा आहे. तोल तपासण्यासाठी पाठीवर काठी ठेवण्याची युक्ती प्रशिक्षक हमखास सांगतात. बरगड्या एका बाजूला उचललेल्या असतील तर ती काठी मुळातच तिरपी बसते आणि ती सरळ करण्याच्या नादात माणूस नको तिथे वळतो. त्यामुळे काठी आडवी, अगदी खाली माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर ठेवावी. तिथे ती सरळ राहिली म्हणजे कंबर स्थिर आहे एवढे नक्की कळते. आधी फक्त पाय लांबवावा, तो जमला की फक्त हात, आणि दोन्ही सुटे जमल्यावरच एकत्र करावे.

आता बाजूंच्या फरकाकडे वळू. एकेरी बाक असणाऱ्यांनी फुगीर बाजूवर कुशीला झोपून, बाकाच्या सर्वांत फुगलेल्या जागेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि वरचा हात डोक्यावरून लांबवावा. यामुळे वर आलेली खोलगट बाजू उघडते. पाच-सहा श्वास तिथे भरावेत. विश्रांतीसाठीही ही स्थिती सुखाची आहे. त्यानंतर टॉवेल काढून, त्याच फुगीर बाजूच्या कोपरावर आणि वाकवलेल्या गुडघ्यांवर भार घेऊन कंबर जमिनीवरून उचलावी. खालच्या बाजूचे स्नायू कण्याला वर ढकलतात, म्हणजे ज्या बाजूला बाक फुगला आहे तीच बाजू तो आत आणण्याचे काम करते. दहा सेकंदांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या बाजूनेही करावे, पण फुगीर बाजूने एक फेरी अधिक करावी. दुहेरी बाकात हा सरळ हिशेब लागू पडत नाही, कारण छातीची फुगीर बाजू आणि कमरेची फुगीर बाजू परस्परविरुद्ध असतात. कोणत्या बाकाला प्राधान्य द्यायचे हे कोनांच्या मोजमापावरून तज्ज्ञाने ठरवावे आणि तोपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात.

बसून बाजूला झुकण्याचा ‘मर्मेड’ हा व्यायाम सर्वांच्या आवडीचा असतो. छातीचा बाक असलेल्यांनी त्यात फुगीर बाजूकडे झुकावे, म्हणजे खोलगट बाजू ताणली जाईल. मात्र झुकण्याआधी डोक्याच्या दिशेने उंच होणे आणि बसण्याची दोन्ही हाडे जमिनीवर टेकलेली ठेवणे या दोन गोष्टी सुटल्या, तर सारा ताण कमरेतल्या दुसऱ्या बाकात उतरतो आणि तो वाढवतो. जमिनीवर बसणे जड जात असेल तर खुर्चीत बसून करावे.

टाळायचे किंवा पुढे ढकलायचे व्यायाम

गोल होऊन पाठीवर मागे-पुढे लोळण्याचा व्यायाम बरगड्या मागे आलेल्या व्यक्तीने करू नये, कारण सारे वजन त्या उंचवट्यावर आपटते आणि शरीर दर वेळी एकाच बाजूला कलंडते. पाय डोक्यामागे नेणे, वेगाने किंवा जोराने कमरेतून पिळणे हेही टाळावे. मागे वाकण्याच्या व्यायामांबाबत थोडे अधिक सांगणे गरजेचे आहे. पाठ सरळ करायची तर मागे वाकायला हवे असे सहज वाटते. परंतु किशोरवयीन स्कोलिओसिसमध्ये छातीच्या भागातला नैसर्गिक गोलावा बहुधा आधीच कमी झालेला असतो, आणि जोराने मागे वाकल्यास तो भाग आणखी सपाट होतो. म्हणून ‘स्वान’ करायचाच झाला तर पोटावर झोपून फक्त कपाळ आणि छातीचा वरचा भाग दोन-तीन बोटे उचलण्यापुरता करावा आणि लांबी मानेतून घ्यावी.

वयस्कर व्यक्तींत हाडे ठिसूळ झाली असतील तर पुढे वाकून गोल होण्याचे आणि लोळण्याचे सर्व व्यायाम वर्ज्य समजावेत, कारण त्यात मणका दबून मोडण्याचा धोका असतो. वयाबरोबर आलेल्या बाकात काही जणांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे झुकल्यावर बरे वाटते. अशांना मागे वाकणे त्रासदायक ठरते, आणि त्यांनी ही तक्रार प्रशिक्षकाआधी डॉक्टरांना सांगावी. कण्यावर शस्त्रक्रिया होऊन मणके जोडलेले असतील तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय काहीही सुरू करू नये. परवानगीनंतरही जोडलेल्या भागातून हालचाल काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो ताण जोडाच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर येतो. अशा व्यक्तींसाठी श्वास, पायांची ताकद आणि उभे राहण्याचा तोल यांवर भर असलेला सराव योग्य.

रिफॉर्मर या स्प्रिंग लावलेल्या सरकत्या यंत्रावर काम करायला मिळाले तर चांगलेच, कारण स्प्रिंगचा आधार घेऊन लांबी धरून ठेवणे सोपे जाते. पण ते आवश्यक नाही.

किती आणि किती दिवस

आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा तीन-चार वेळा वीस मिनिटे केलेला सराव अधिक उपयोगी पडतो. श्वासाचा भाग रोज करता येतो, अंथरुणातही. व्यायामानंतर स्नायूंत येणारा थकवा एक-दोन दिवसांत जातो, तो चालेल; टोचणारी, पायात उतरणारी किंवा श्वास घेताना वाढणारी वेदना मात्र थांबण्याची खूण समजावी.

प्रगती मोजण्यासाठी महिन्यातून एकदा, त्याच जागी आणि तेवढ्याच अंतरावरून पाठीचे छायाचित्र घ्यावे, आणि त्यासोबत न थकता किती वेळ बसता आले, दिवसअखेर पाठ किती दुखली, जिना चढताना दम लागला का, अशा दोन-तीन गोष्टींची नोंद ठेवावी. उभे राहण्याची ढब सुधारली की छायाचित्रात खांदे आणि कंबर अधिक समतोल दिसू शकतात, तरीही कॉब कोन तोच राहिलेला असू शकतो. म्हणून केवळ छायाचित्र चांगले आले या आधारावर ठरलेली तपासणी पुढे ढकलू नये. क्ष-किरण चित्र कधी काढायचे हे डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकानुसारच ठरवावे, आणि वाढीच्या वयातल्या मुलांची भेट तर एकदाही चुकवू नये.